गिरणीवाल्या अप्पांची रेणू

नव्या गावात प्रयोग असला की आम्ही बाकीचे आधी चहाची टपरी शोधायचो. रेणू आधी नाट्यगृहाची शेवटची रांग शोधायची. टेम्पोतून सामान उतरत असायचं, वाघमारे सर कुणावर तरी ओरडत असायचे, आणि ही चपला काढून रिकाम्या रंगमंचाच्या मधोमध उभी. मला आधीच हाताला धरून शेवटच्या खुर्चीत नेऊन बसवलेलं असायचं. मग रंगमंचावरून, घरातल्या घरात बोलावं तसं, ती विचारायची, "ताई, आज डब्यात काय हाय?" मी म्हणायचे, "मेथी." "आन् भाकर का पोळी?" "पोळी." एवढं झालं की ती मान हलवायची. हॉल पास झालेला असायचा. कधी पंख्यांच्या घरघरीत शब्दाचं शेपूट तुटायचं. मग दोन पावलं पुढं येऊन पुन्हा तेच. शेवटच्या रांगेची तुला एवढी काय काळजी, म्हणून मी एकदा विचारलं. "म्होरं बसतंय ते पासवर आलेलं असतंय ताई," ती म्हणाली. "मागं बसणाराला खरंच नाटक बघायचं असतंय."

रेणू आमच्यात आली ती नांदेडला. आमची संस्था म्हणजे पोटासाठी नोकरी आणि बाकी सगळं नाटकासाठी असं मानणाऱ्या मोजक्या लोकांचा घोळका. वाघमारे सर बँकेत होते आणि आमची सगळी नाटकं तेच बसवायचे. मी नुकतीच शाळेत मराठी शिकवायला लागले होते. संध्याकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये बाकं भिंतीला लावून आम्ही तालमी करायचो. रेणू बी.ए. करायला चाकूरहून मावशीकडे राहायला आली होती आणि कॉलेजच्या गॅदरिंगमधलं तिचं काम बघून कुणीतरी तिला आमच्याकडे पाठवलं होतं. सरांनी तिच्या हातात एक उतारा दिला. तिनं तो इतका जपून, इतका नाजूक वाचला, की सर मध्येच चष्मा पुसायला लागले. चष्मा पुसणं ही त्यांची नकार देण्याची रीत होती.

"घरी काय असतं तुझ्या?" त्यांनी विचारलं.

"पिठाची गिरणी हाय सर. चाकूरला."

"आणि गिरणीत अशीच बोलतेस?"

ती हसली. "गिरणीत आसं बोलल्यावर कोण ऐकंल?"

"मग तिथं बोलतेस तशी बोल."

तिनं कागद बाकावर ठेवला, ओढणी कमरेला खोचली आणि म्हणाली, "अप्पा, मामीचं दळण कवाचं थांबलंय, हरबरा मागून टाका, आधी ज्वारी काढा!" ती ओरडली नव्हती. आवाज फक्त उघडला होता. हॉलच्या बाहेर झाडलोट करणारे शिपाई मामा झाडू हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि म्हणाले, "म्हातारी सापडली."

ती म्हातारी आमच्या नव्या नाटकातली. भूकंपात सगळं घर गेलेली एक बाई, जी अजून रोज सकाळी ताटं मांडते आणि गेलेल्यांना नावं घेऊन उठवते. आम्ही त्याला नुसतं भूकंपाचं नाटक म्हणायचो. लातूरच्या बाजूच्या माणसाला त्याहून जास्त काही सांगावं लागत नाही. मी त्यात शेजारीण होते. माझं काम म्हणजे दारातून येणं, हळहळणं आणि जाणं. म्हातारीचं काम एका वीस वर्षांच्या पोरीला दिलं म्हणून कुणाकुणाला शंका होती. रेणू तर भूकंपानंतर जन्मलेली.

पहिल्याच तालमीत सरांनी तिला सांगितलं, नावं घेताना रडू फुटलं पाहिजे.  ती म्हणाली, "सर, आमच्या गिरणीवर त्या बाजूच्या बाया येतात. भूकंपाचं सांगताना त्या न्हाई रडत. मधीच म्हणतात, जरा बारीक काढा हो, मागच्या बारीला जाड झालतं. आन् पुन्हा म्होरं सांगतात, मग आमच्या धाकल्याला भाईर काढलं म्हणून."  रेणूनं तो प्रवेश तसाच केला. "शंकर, ऊठ. बाबू, ऊठ रं. सुमन, ताटं घे माय, किती झोपतीस." रोज सकाळी कुठल्याही घरात ऐकू येईल असा, थोडा वैतागलेला, कामाच्या घाईतला आवाज. दारातून येऊन हळहळायचं मी विसरले. सरांनी तालीम थांबवली आणि ते बाहेर जाऊन उभे राहिले. नंतर कुणी विचारलं की तू रडत का नाहीस, की तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "रडायचं काम बघणाराचं हाय. ते बी आपणच केलं तर त्येला काय ऱ्हातंय?"

उमरीच्या प्रयोगात नेमकी त्याच प्रवेशात वीज गेली. कॉलेजचं पटांगण, वर पत्र्याचा मांडव, समोर अर्धं गाव. माईक बंद, दिवे बंद. सर विंगेतून कुजबुजले, थांबा. रेणू थांबली नाही. अंधारात तिचा आवाज चालत राहिला, "शंकर, ऊठ." समोरच्या एवढ्या गर्दीत एक लेकरू रडत होतं, तेही गप्प झालं. कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, तर शेजारच्यानं त्याला ती बंद करायला लावली. वीज आली तेव्हा ती मांडलेल्या ताटांपुढं बसून होती आणि पहिल्या रांगेतल्या बायका तोंडाला पदर लावून होत्या. टेम्पोत बसल्यावर तिनं मला कोपरानं ढोसलं. "लाईट गेली ते बरं झालं बघा ताई. माझा मेकअप लई खराब झालता."

अशी होती ती. भूक तिला फार लागायची. तालमीला येताना पिशवीत पेंडखजूर, फुटाणे, मावशीनं दिलेली धपाटी, काही ना काही असायचंच आणि ते ती सगळ्यांना वाटून, मग सगळ्यांच्या हातातलं परत मागून खायची. भांडायची तर समोर, आणि भांडण झालं की त्याच माणसाच्या गाडीवर मागं बसून घरी जायची. लोकांची बोलणी गोळा करायचा तिला नाद होता. बसमधली एखादी बाई कंडक्टरशी कशी बोलली, ते उतरल्यावर ती जसंच्या तसं म्हणून दाखवायची. त्यात टिंगल नसायची. मला वाटायचं, ती बाई घडीभर तिच्या अंगात येऊन बसते आणि चहा घेऊन निघून जाते.

तिचे अप्पा भुवयांपर्यंत पिठानं पांढरे असत. कपाळावरचं भस्म कुठं संपतं आणि पीठ कुठं सुरू होतं ते कळायचं नाही. पोरगी नाटकात काम करते म्हणून भावकीत कुरकुर झाली, तेव्हा ते म्हणाले म्हणे, "नाटक करती, चोरी तर न्हाई करत." नांदेडला एकदाच ते प्रयोगाला आले. पुढं बसा म्हटलं तर, "नको बाई, कपड्यायला पीठ हाय," म्हणून मागंच बसले. प्रयोग संपल्यावर आत आले. रेणू अजून पांढऱ्या केसांत होती. ते तिच्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, "तुझ्या आज्जीला भेटल्यावानी झालं बग, रेणे." मग खिशातून रुमाल काढून त्यांनी चेहरा पुसला, आणि रुमालाचंच पीठ चेहऱ्याला लागलं.

भूकंपाचं नाटक स्पर्धेत पुढं गेलं आणि तिथं मालिकांसाठी माणसं निवडणाऱ्या एकाच्या नजरेत रेणू भरली. मुंबईला बोलावणं आलं. अप्पा तिला घेऊन गेले. मी तेव्हा बदली होऊन लातूरला आले होते. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. हसू आवरत नव्हतं.

"ताई, काम लागलं! मालिका हाय, रोजची. हिरॉइनची धाकटी बहीण. चिमा म्हणून."

"अगं व्वा! संवाद पाठवले का?"

"संवादच न्हाईत. चिमा मुकी हाय." आणि ती पुन्हा हसायला लागली. "तिथं मला बोलून दावा म्हणले. मी बोलले. मग त्ये एकामेकाकडं बघायले. म्हणले, चेहरा लई चांगला हाय, डोळे बोलतात, पण भाषा जरा गावाकडची हाय. मग म्हणले, थांबा, आपल्याकडं मुकीचं काम हाय की."

मीही हसले. खरं तर आम्ही सगळेच आनंदात होतो. मराठवाड्यात नाटक करून कुणाचं घर चाललेलं मी पाहिलेलं नाही. वर्षाला चार प्रयोग, त्यातले दोन पदरचे खर्चून. पोरीला रोजचं काम मिळत होतं. फक्त मी फोन केला तेव्हा वाघमारे सर हसले नाहीत. म्हणाले, "डोळे चांगले आहेत तिचे. खरंच चांगले आहेत."

रेणूनं ते काम मनावर घेतलं. नांदेडला मूकबधिर मुलांच्या शाळेत जाऊन ती रोज बसली, तिथल्या मुलींकडून हातांची भाषा शिकली. शूटिंगला गेल्यावर दिग्दर्शकानं ते बघितलं आणि म्हणाला, हे घरी बसलेल्या बायकांना कळायचं नाही. दुःख झालं की हात छातीशी घे, आनंद झाला की टाळ्या वाजव. तिनं तसं केलं. मालिका चांगली चालली. चिमा लोकांना आवडली. चाकूरला अप्पांनी गिरणीतच, वरच्या फळीवर टीव्ही लावला. दळण घेऊन आलेल्या बायका पोत्यावर बसून बघायच्या. गिरणी चालू असली की टीव्हीचा एक शब्द ऐकू यायचा नाही. पण आपल्या पोरीला बोलायचंच नव्हतं, त्यामुळं अप्पांचं काही अडत नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडं मुंबईला गेले. दोघी-तिघींत मिळून घेतलेली खोली, आणि सकाळी गाडी यायची ती थेट सेटवर. मी दिवसभर तिथं एका खुर्चीत बसून होते. सगळे एकमेकांशी बोलत होते, रेणूशी कुणी फारसं बोलत नव्हतं. चहावाल्यानं लांबून तिला अंगठा तोंडाकडं नेऊन विचारलं. तिनं मान हलवली.

"बघितलं का ताई," ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "हितं लोक मला खरंच मुकी समजून राहिले. पयलं हसू यायचं."

"आणि आता?"

"आता मी बी हातानंच सांगते."

खोलीवर आल्यावर मी म्हटलं, तो म्हातारीचा प्रवेश म्हणून दाखव की, किती दिवस झाले. तिनं सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला पलीकडून भिंत वाजली. ती थांबली. "शेजारीण हाय. लेकरू झोपत न्हाई म्हणती," ती हळू म्हणाली, आणि तो प्रवेश तिनं मला कुजबुजत म्हणून दाखवला.

पण त्या वेळी ती आशेवर होती. लेखकानं तिला सांगितलं होतं की पुढं कधीतरी चिमाला वाचा येणार आहे. बहीण संकटात सापडते आणि ही पहिल्यांदा तिला हाक मारते. ती एक हाक कशी असेल, याचा विचार रेणूनं किती महिने केला असेल कोण जाणे. "ताई, गिरणी लई दिवस बंद पडलेली असली की चालू केल्यावर पयलं पीठ कसं निघतंय? खरबरीत, दगडाची कच आसलेलं. ते खायला न्हाई घेत. तसा निघायला पाहिजे बघा तिचा पयला आवाज. गोड कसा निघंल?"

तो भाग यायच्या आधी, दिवाळीच्या सुट्टीत ती लातूरला आली, भूकंपाच्या नाटकाच्या प्रयोगासाठी. तिनंच सरांकडं हट्ट धरला होता. प्रयोग एका मंडळानं ठेवला होता आणि त्यांनी शहरभर बोर्ड लावले, त्यावर म्हातारीचा फोटो नव्हताच. टिकली लावलेली, छातीशी हात धरलेली चिमा होती. दुपारच्या प्रयोगाला हॉल तुडुंब भरला, क्लासची पोरं जिन्यात बसली. रेणूला हॉल तपासायलाही मिळाला नाही, तिच्याभोवती सकाळपासून गर्दी होती.

पडदा वर गेला. पांढऱ्या केसांची रेणू ताटं मांडत होती. तिनं पहिलं वाक्य म्हटलं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "बोलली रे, मुकी बोलली!" सगळा हॉल हसला. शिट्ट्या झाल्या. दुसरं वाक्य, पुन्हा हशा. मोबाइलच्या दिव्यांनी हॉल पांढरा झाला. ती "शंकर, ऊठ" म्हणाली तेव्हा जिन्यातून चार पोरं एकदम म्हणाली, "उठलो!" विंगेत सरांनी पडद्याच्या दोरीला हात घातला. रेणूनं न वळता, पाठीमागं धरलेल्या हातानं त्यांना नको म्हणून खूण केली. तोंडानं ती पुढचं वाक्य म्हणत होती. ती शेवटपर्यंत गेली. मी दारातून येऊन हळहळले, तेव्हा मला तिच्या मानेची शीर उडताना दिसत होती. मध्यंतरानंतर अर्धा हॉल रिकामा झाला. मुकी बोलताना बघून झाली होती.

नंतर आत फोटोसाठी रांग लागली. "ताई, ती मुकीवाली ॲक्टिंग करा ना." ती प्रत्येकाबरोबर उभी राहिली, प्रत्येकाबरोबर छातीशी हात नेला. रांगेच्या शेवटी एक म्हातारी आली, नातीचा हात धरून. फोन नव्हता तिच्याकडं. तिनं रेणूच्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "आमच्या बी थोरल्याचं नाव शंकरच व्हतं." एवढंच बोलून ती गेली. रेणू खुर्चीवर बसली आणि विग काढून मांडीवर धरून बसून राहिली. आम्ही ऑटोनं माझ्या घरी आलो. उतरताना म्हणाली, "एकजण तर व्हतं ताई."

वाचा येण्याचा भाग ज्या दिवशी दाखवणार होते, त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर एस.टी.नं चाकूरला गेले. आठ दिवसांपासून त्याची जाहिरात टीव्हीवर येत होती. गिरणीत भावकीतली माणसं, शेजारपाजारच्या बायका, सगळे जमले होते. आणि अप्पांनी गिरणी बंद केली होती. संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी. इतक्या वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं. ती खोली इतकी शांत मी पहिल्यांदाच ऐकली. पट्टा लोंबत होता. अप्पा टीव्हीच्या अगदी खाली, मान वर करून उभे होते.

हिरॉइन रस्ता ओलांडते. ट्रक येतो. चिमाचा चेहरा. तिच्या घशाची हालचाल दिसते, ओठ थरथरतात, मानेच्या शिरा ताणतात. तिनं त्या हाकेसाठी काय काय केलं होतं ते सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आणि मग तिचं तोंड उघडलं आणि दुसऱ्याच कुणाचा तरी आवाज आला. मंजुळ, स्वच्छ, घासून पुसून ठेवलेला. "ताई, थांब ना गं!"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी पेढ्यांचा बॉक्स उघडला. माझं लक्ष अप्पांकडं होतं. ते तसेच वर बघत होते. चिमा आणखी दोन वाक्यं बोलली, त्याच परक्या आवाजात. अप्पांनी माझ्याकडं वळून बघितलं आणि मी मान खाली घातली.

फोन वाजला. रेणूचाच होता. ती तिकडं खोलीवर तेच बघत होती. आवाज दुसरीचा घातल्याचं तिलाही आधी कुणी सांगितलं नव्हतं. अप्पांनी फोन कानाला लावला.

"लई चांगलं बोललीस गं," ते म्हणाले.

तिकडून ती काय म्हणाली ते गिरणीच्या शांततेत मलाही ऐकू आलं. "अप्पा, ते मी न्हवते."

"मला म्हाईत हाय, रेणे."

 अप्पांनी फोन माझ्या हातात दिला, पेढ्याचा बॉक्स घेतलेल्या पोरीला म्हणाले, "सगळ्यायला दे," आणि जाऊन गिरणी चालू केली. दळायला काही टाकलेलं नव्हतं. पट्टा नुसताच फिरत राहिला.

वाहिनीला जरा गोड हवं होतं, असं दिग्दर्शकानं तिला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानं समजूतही काढली, तुझा अभिनय होता म्हणूनच तर तो आवाज शोभला. मालिका अजून वर्षभर चालली. चिमा आता सारखी बोलायची. रेणू सेटवर आपल्या आवाजात बोलायची आणि घरोघर दुसरीचा आवाज जायचा.

वाघमारे सर मला म्हणाले, "परत बोलव तिला." मी बोलावलं. ती म्हणाली, "येऊन काय करू ताई? वर्षातनं चार प्रयोग? आन् लोक मलाच बघायला येणार, म्हातारीला न्हाई." त्यात खोटं काही नव्हतं. मालिका संपायच्या आधीच तिनं एका बाईंकडं शिकवणी लावली होती, शुद्ध बोलण्याची. 'न' आणि 'ण', वाक्याचा हेल, कुठं थांबायचं, शब्द कुठं सोडायचा. लोकांची बोलणी उचलायची तिला जन्माचीच सवय. हीही तिनं उचलली. सुरुवातीला फोनवर गंमत करायची, "ताई, आता मी 'हाय' म्हणायचं सोडलंय, 'आहे' म्हणते." नंतर गंमत करायची थांबली आणि नुसतं 'आहे' म्हणायला लागली. एकदा शाळेत असताना नव्या नंबरवरून फोन आला, "नमस्कार, मी बोलतेय." मी विचारलं, "कोण?" पलीकडून उत्तर आलं, "मी रेणुका, ताई."

तिला दुसरी मालिका मिळाली. यात ती वकील होती आणि आवाज तिचा स्वतःचा होता. मी टीव्हीसमोर डोळे मिटून बसून बघितलं. आवाज चांगला होता. त्यात कुठं बोट ठेवावं असं काही नव्हतं. सरांनी भूकंपाचं नाटक पुन्हा बसवलं नाही.

मागच्या थंडीत अप्पांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, लातूरच्या एका दवाखान्यात. दुसऱ्या डोळ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळं पट्टी बांधल्यावर त्यांना नुसता उजेड-अंधार कळत होता. रेणूची आई औषधं आणायला खाली गेली होती, मी कॉटशेजारी बसले होते. रेणूला शूटिंगमधून एका दिवसाची सुट्टी मिळाली होती. ती दारातून आत आली, पाय न वाजवता त्यांच्या उशाशी उभी राहिली आणि वाकून म्हणाली, "कसं वाटतंय आता? दुखत नाहीये ना फार?"

अप्पा धडपडत उठून बसायला लागले. दोन्ही हात जोडले त्यांनी. "न्हाई डॉक्टर मॅडम, काही सुदिक दुखत न्हाई. तुम्ही लई हलक्या हातानं केलाव."

मी उठले. "अप्पा, रेणू आलीय," मी म्हणाले. रेणूनं त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले होते. तिचा चेहरा मी बघितला, आणि मग खिडकीकडं बघायला लागले.

"अप्पा, म्या हाय, रेणू," ती म्हणाली. तिनं आवाज मोकळा केला, शब्द आमच्याकडचे घेतले. "लई तरास झाला का? जेवलाव का न्हाई?" प्रत्येक शब्द बरोबर होता. तरी त्या खोलीत ते ऐकताना मला कसंतरी झालं. मालिकांत एखादी शहरातली नटी खेड्यातली बाई होते, तेव्हा ती अशी बोलते. शब्द आठवून, निवडून, जरा जास्तच ठसक्यात. तिला स्वतःलाही ते ऐकू आलं असावं. तिसऱ्या वाक्याला ती अडखळली आणि मग अप्पांचे हात नुसते चोळत बसली.

अप्पा हसले. "हाव, हाव. जेवलो की."

संध्याकाळच्या गाडीनं तिला परत जायचं होतं. मी तिला खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले. ती पिशवीत काहीतरी शोधत राहिली, खूप वेळ, आणि काही न काढताच पिशवी बंद केली. "ताई, मला आठवून आठवून बोलावं लागलं," ती म्हणाली. "आपल्याच अप्पांशी." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. रिक्षा निघाली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

वर आले तेव्हा अप्पा उशीला टेकून बसले होते. पट्टीखालून पाणी येत होतं, ऑपरेशनमुळं तसं येतं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी मान वळवली.

"बाई, गेली का पोरगी?"

"हो अप्पा."

 ते कौतुकानं, मनापासून म्हणाले, "आपल्या बोलण्याची नक्कल मातर झकास केली बगा तिनं."

मी "हाव" म्हणाले.